‘द सेव्हन्थ सील’ : ब्लॉकला शेवटी काय मिळतं?

रातकिडा
इंगमार बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’मध्ये (१९५७) क्रुसेडहून, म्हणजे धर्मयुद्धाहून, परतलेला सरदार ब्लॉक प्लेगच्या काळात मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो. त्यातल्या तीन जागा अडतात. घोडा आणि उंट या मोहऱ्या म्हणजे सरदार आणि चर्च, असं बरेच जण लिहितात. ते धरायचं का? ब्लॉक मृत्यूकडून मुदत मागून घेतो, तिचं नेमकं काय करतो? आणि शेवटच्या मृत्युनृत्यात कोण कोण आहे? मोजणी जुळत नाही. भिस्त इंग्रजी सबटायटल्सवर आहे.

अडीचघर
सरदार-चर्चचा अर्थ सबटायटल्सनीच आणलाय. इंग्रजीत या मोहऱ्या नाइट आणि बिशप, म्हणून तो सुचतो. स्वीडिशमध्ये त्या ‘स्प्रिंगारे’ आणि ‘लोपारे’, म्हणजे उडी मारणारा आणि धावणारा. सरदाराला ‘रिद्दारे’ म्हणतात, तो पटावर नाहीच. उंट म्हटल्यावर आपल्याला कुठे पाद्री आठवतो?

घोडा-उंटाची चाल खेळतोय, या ब्लॉकच्या वाक्याचं काम वेगळं आहे. जाळीपलीकडे पाद्री बसलाय समजून ब्लॉक पापनिवेदन करता करता आपली चाल सांगून टाकतो, आणि ऐकणारा निघतो मृत्यू.

जाता जाता: मृत्यू पुढे त्याचा वजीर मारतो आणि ब्लॉक गडबडतो. १४व्या शतकात वजीर तिरका एकच घर चालायचा, तो गेल्याने एवढं बिघडलं नसतं. आजचा दांडगा वजीर १५व्या शतकाच्या अखेरचा. इतिहास बर्गमनने असाच कालवलाय. क्रुसेडवाल्यांचा शेवटचा मोठा बालेकिल्ला आक्रा १२९१ मध्ये पडला, स्वीडनमध्ये प्लेग आला १३५० च्या सुमारास. मग हा दहा वर्षं कुठल्या क्रुसेडवर होता? चेटकिणी जाळण्याची लाट तर १७व्या शतकातली. मृत्यू बुद्धिबळ खेळतोय हे चित्र मात्र खरंच आहे, स्वीडनमधल्या तेबीच्या चर्चमध्ये. ते काढणारा अल्बर्टस पिक्टर १५व्या शतकातला, त्यालाही शंभरेक वर्षं मागे ओढून चित्रपटात पात्र केलंय.

उंबरठा
मुदतीबद्दल. ‘श्रद्धा शोधणारा सरदार’ हे वर्णनच फसवं आहे. पापनिवेदनात तो साफ सांगतो की श्रद्धा नको, अंदाज नको, जाणून घ्यायचंय. त्यासाठी तो जिथे जाईल तिथे हात हलवत परत येतो. चेटकीण ठरवलेल्या मुलीच्या डोळ्यांत सैतान दिसेल म्हणून वाकून बघतो, तर तिथे नुसती भीती. मृत्यूला गुपितं विचारतो, तर मृत्यूकडे गुपितंच नाहीत, त्यालाही काही ठाऊक नाही.

मधे योफ आणि मिया या भटक्या नट जोडप्यासोबत रानातल्या स्ट्रॉबेऱ्या आणि दुधाचा प्रसंग आहे, तो घाईत पाहू नका. पुढची कृती तिथून येते: ब्लॉक झग्याने मोहऱ्या पाडतो. ही रडीची चाल आहे असं वाटतं, पण मृत्यूला जागा पाठ असतात, तो डाव पुन्हा मांडतो. पटावर फायदा शून्य. तेवढ्यात योफ आणि मियाची गाडी मात्र निसटते. मुदतीचा उपयोग झाला का, असं मृत्यू विचारतो तेव्हा ब्लॉक हो म्हणतो तो यामुळे. तरीही शेवटी स्वतःच्या वाड्यात तो पुन्हा देवाला हाका मारतोच. संशय फिटलेला नाही.

रातकिडा
रडीची चाल म्हणूनच पाहिलं होतं ते! आणि मोजणीचं?

काळापहाड
वाड्यात सहा जण: ब्लॉक, बायको कारिन, सेवक योन्स, त्याच्यासोबत आलेली मुकी मुलगी, लोहार प्लोग, त्याची बायको लीसा. नृत्य बघताना योफ नावं घेतो तीही सहाच: लोहार, लीसा, सरदार, रावाल, योन्स, स्काट. चोर रावाल आणि नट स्काट आधीच मेलेत; कारिन आणि मुलगी यादीत नाहीत. छायाकृतींवरून ओळखायला जाऊ नका. चित्रीकरणाच्या जागी, होव्स हल्लारच्या किनाऱ्यावर, दिवसाचं काम आटोपून नट निघून गेले होते, अचानक ढग सुरेख आला, म्हणून तंत्रज्ञांना आणि एकदोन पर्यटकांना कपडे चढवून तो शॉट उरकला, असं बर्गमनने सांगितलंय.

त्या मुलीकडे नीट बघा. अख्ख्या चित्रपटात ती एकदाच बोलते, मृत्यू समोर आल्यावर: ‘पूर्ण झाले आहे.’ क्रुसावरच्या येशूचे शब्द. योन्स ‘निषेध नोंदवून’ गप्प राहतो, हिच्या चेहऱ्यावर मात्र सुटका आहे.

उंबरठा
+१. शिवाय ते नृत्य एकट्या योफला दिसतं. सैतानाने शेपटीने गाडीची चाकं लाल रंगवली असं सांगणारा, आणि नखांत लाल रंग सापडलेला, तो हाच. मिया हसून सोडून देते.