झूऑलॉजीत एमएस्सी झालंय, वन्यजीव संशोधनात सुरुवात कुठनं करू?

कृष्णाकाठची:
नमस्कार. मी पलूस तालुक्यातली, यंदा शिवाजी विद्यापीठातनं एमएस्सी झाले. आमची पाण्याची मोटार औदुंबरच्या वरच्या अंगाला नदीला आहे, पप्पा खाली उतरायच्या आधी काठी आपटायचे आणि मी बांधावर उभी राहून समोरच्या मळीवर तोंड वासून पडलेली मगर बघत बसायचे, तेव्हापासनं हेच करायचं हे डोक्यात पक्कं आहे. घरी म्हणतात एमपीएससी कर नाहीतर बीएड. एका संस्थेत विचारलं तर म्हणाले सहा महिने फिल्डवर ये, पगार नाही, राहणं-जेवण तुझं तू बघ. जाऊ का? की डेहराडूनला परत एमएस्सी करू, की थेट पीएचडी?

पाटणची_पायवाट:
ताई, फुकट जाऊ नकोस. आठवडाभर शिकायला जाणं वेगळं, सहा महिने राबायचं तर मानधन मागायचंच. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एनसीबीएस (जीवविज्ञानाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र) दोन्हीकडं वन्यजीवातली एमएस्सी आहे, पण प्रवेश परीक्षा असते आणि जागा अगदी मोजक्या. तुझी एक एमएस्सी झालीय, त्यामुळं मी म्हणेन आधी एखाद्या प्रोजेक्टवर फेलो नाहीतर फिल्ड असिस्टंट म्हणून वर्षभर काम कर, जाहिराती संस्थांच्या साइटवर येतात, सोबत नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास चालू ठेव, पीएचडीचं मग बघ. माझी सुरुवात कोयनेच्या बाजूला झाली (सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून). पावसात पायाला जळवा, आणि कॅमेरा ट्रॅपचं (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) कार्ड काढलं की त्यात गवे, भेकर आणि वाऱ्यानं हललेल्या गवताचेच ढीगभर फोटो. ते एकेक बघून नोंदवायचं हेच खरं काम आहे, चार दिवस जंगल तर दहा दिवस लॅपटॉप. आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं) आत्ताच शिकून घे, दोन्ही फुकट मिळतात.

शिराळ्याचा_ऊसवाला:
मी शेतकरी माणूस, शिक्षणातलं काय कळत न्हाई पण एक सांगतो. मागं आमच्या फडात तोड चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं निघाली, डोळंबी नीट उघडली नव्हती. वनखात्याची माणसं आली, पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली तिथंच ठिवली, टोळी लांब न्हेली आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून घिऊन गेली. त्यांच्यासंगं तुमच्यासारखीच एक पोरगी हुती. ती पिल्लांपाशी थांबली न्हाई, टोळीच्या बायकांत जाऊन बसली, पाण्याला कुठनं जाता, बारकी पोरं कुठं झोपवता सगळं इचारून घेतलं आणि फडाच्या कडंच्या दोन कोप्या त्याच सांजंला आत हलवायला लावल्या. अजून बिबट्या दिसला की लोक आधी तिला फोन करत्यात. तुम्ही नदीकाठच्या, लोकांचं भ्या तुम्हाला म्हाईत हाय, हे लय मोठं हाय.

खाकी_आणि_हिरवं:
एमपीएससी आणि हे काम वेगळं समजू नका. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या जागा एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेतूनच भरतात, पप्पांना हे जरूर सांगा. आणि अभयारण्यात संशोधन करायचं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, त्याला वेळ जातो, म्हणून अर्ज आधीच टाकायचा. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेली आहे, त्यामुळं पिल्लू असो की अंडं, हात लावायचा नाही. स्वतःच्या बांधावरनं बघून वहीत लिहायला मात्र कोणी अडवत नाही.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. वनसेवेचं पप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले फॉर्म कधी निघतो ते बघ. संस्थेला मानधनाचं विचारणारा मेल टाकलाय. आणि बांधावरनं नोंदी आजपासनंच सुरू केल्या. पायवाट दादा, एक अडचण आली, मगर अर्धी पाण्यात होती, लांबी काय लिहू?

पाटणची_पायवाट:
फुटात नको, मीटरमध्ये गट पाड: एकपेक्षा लहान, एक ते दोन, दोनच्या वर. पूर्ण दिसली नसेल तर लांबी अजिबात लिहू नकोस, 'फक्त डोकं' असं लिही. वेळ, ऊन आहे का आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे तेही टाक. थंडीत उन्हाला जास्त वर येतात. फेब्रुवारीपासनं माद्या काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडाला बाहेर पडतात, त्या दिवसांत मादी जवळच असते. तेव्हा पप्पांना म्हणावं मोटारीकडं एकट्यानं उतरू नका.