मदत हवी आहे: गिनीपिगना घेऊन पुणे ते कोल्हापूर

पुढच्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला कारने कोल्हापूरला जायचंय आणि चिकू-मनी दोघींना न्यावंच लागणार, घरी बघायला कुणीच नाही. मे महिन्याचं ऊन यांना अजिबात झेपत नाही म्हणून पहाटे ५ लाच निघू, दोघी एकाच कॅरिअरमध्ये, खाली टॉवेल आणि भरपूर सुकं गवत, कारण खाणं थांबलं की यांची आतडी मंदावतात. मागच्या प्रवासात बाटली गळून सगळं ओलं झालं आणि मनी अंग फुगवून कोपऱ्यात बसली, गवताला तोंडच लावेना, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. बाटली काढून वाटेत काकडी देत राहिलं तर चालेल का? एसीचा झोत थेट लागू नये म्हणून कॅरिअर कुठे ठेवता? कोल्हापुरात गिनीपिग बघणारे डॉक्टर आहेत का, प्लीज सांगा.