मदत हवी आहे: हॉलच्या भिंतीवर वारलीची पट्टी, कोपऱ्यात काय करायचं?

मंडळी, इंदिरानगरला फ्लॅट आहे, हॉलची एक भिंत गेरू रंगाची करून घेतलीये आणि आता तिच्यावर पांढऱ्या रंगात हात धरून नाचणाऱ्या वारली माणसांची पट्टी काढायचीये, एकच स्टेन्सिल पुढे पुढे सरकवत. मेन रोडला तयार स्टेन्सिल बघितले पण सगळीकडे मोर नाहीतर पानं, म्हणून जुन्या एक्स-रे शीटवर कटरने पाच माणसं कापली. पुठ्ठ्यावर ट्राय केलं, स्पंज पेपरवर टिपून जवळजवळ कोरडा करून थोपटला की कडा एकदम स्वच्छ येते, ओला असेल तर रंग खाली शिरतो आणि माणसांचे पाय जाड होतात 😄

पेठ-सुरगाण्याकडे तांदळाच्या पिठाने काढतात तसं नाही करणार, ॲक्रिलिकच वापरतेय.

आता अडलंय ते कोपऱ्यात. स्टेन्सिल तिथे अर्धंच बसतंय, शीट वाकवून पुढच्या भिंतीवर न्यायचं की अलीकडेच थांबायचं? सासूबाई म्हणतायत मधून सुरू कर म्हणजे दोन्हीकडे सारखं उरेल, पटतंय मला, पण मग दोन्ही टोकांना अर्धी माणसं उरली तर? आणि सरळ रेष आखायला सुतारी दोरा बरा की मास्किंग टेप? टेपने गेरू निघणार तर नाही ना? कोणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज.