जी शेवटी झोपते तिनंच आधी का उठायचं?

वखारभाग, सांगली

काल वाळव्याच्या अप्पांनी इथं लिहिलं, की ज्या घरातली बाई सूर्य उगवल्यावर उठते त्या घरात लक्ष्मी टिकत नाही. त्यांच्या आई चारला उठायच्या, कधी आजारी पडल्या नाहीत, आणि आताच्या सुनांना आठपर्यंत लोळायला लागतं. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझे दोन दीरही आहेत. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या गल्लीत नळाला पहाटे पाचच्या सुमाराला पाणी येतं, पाऊण तास. कधी पावणेपाच, कधी सव्वापाच. वेळेचा भरवसा नाही, म्हणून मी रात्री तोटी उघडी ठेवून खाली स्टीलचं पातेलं उपडं घालते. आधी नळ फुसफुसतो, वारा येतो, मग पहिली धार पातेल्यावर टणटण वाजते. त्या आवाजाच्या टप्प्यात आम्ही पाच माणसं झोपतो. उठते मी एकटी. पिंप, हंडा, बादल्या, पिण्याचं वेगळं गाळून, मग वरच्या टाकीसाठी मोटर. मग चार डबे. साडेनऊला मी ऑफिसात. संध्याकाळी साडेसहाला घरी. जेवणं साडेनऊच्या पुढं, मग भांडी, ओटा, विरजण, मटकी भिजत घालायची, पोराची राहिलेली वही. पाठ टेकायला पावणेबारा होतात. म्हणजे पाच तास. नवरा साडेदहाला झोपतो आणि सव्वासातला उठतो. तो वाईट माणूस नाही. त्याला आजवर कुणी लवकर ऊठ म्हणालेलं नाही, एवढंच. मी एका रविवारी सातला उठले तर सासूबाई म्हणाल्या, "अंगात कणकण आहे का?"

लवकर उठण्याला माझी ना नाही. पण घरात सगळ्यात शेवटी झोपते तिनंच सगळ्यात आधी उठायचं, हा हिशेब कुणी घातला?

वाळव्याचे अप्पा

ताई, मी तुमचं नाव घेऊन लिहिलेलं नाही, तुम्ही अंगाला लावून घेतलंत. मी साखर कारखान्यात तीन पाळ्यांत एकतीस वर्षं काढली, झोपेचं मला नका शिकवू. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून पुढची ४८ मिनिटं, हे मी ठरवलेलं नाही. आई चारला उठून जात्यावर बसायची, ओव्या म्हणायची, आम्ही त्या घरघरीत झोपायचो. सहाला अंगण झाडून, सडा पडून, चूल पेटलेली असायची. घर त्या शिस्तीवर चाललं. आज घराघरात गिरणीचं पीठ, गॅस, मिक्सर, आणि तरी वेळ पुरत नाही म्हणता, म्हणजे रात्री फोन किती वेळ हातात असतो तेही लिहा.

मंगळवार पेठ, सातारा

अप्पा, ब्राह्ममुहूर्त फक्त बायकांसाठी असतो असं कुठं सांगितलंय?

आणि वखारभागताई, राग मानू नका, पण तुमची निम्मी झोप त्या भांड्यांत जाते. रात्रीची भांडी पाण्यात टाकायची आणि झोपायचं. मी बारा वर्षं तेच करते. कुकरमध्ये पाणी, ताटं परातीत भिजत, कढई मोरीत. सकाळी घासणी फिरवली की निघतं. रात्री अकराला वाळलेलं पिठलं खरवडत बसायला आपण काय गुन्हा केलाय?

मिरजेची सिस्टर

खरकटी भांडी रात्रभर?? झुरळांना आमंत्रणच की. लक्ष्मीचं मला माहीत नाही, पण त्याच मोरीत तुम्ही सकाळी मुलांच्या पाण्याच्या बाटल्या धुता ना?

मंगळवार पेठ, सातारा

धुते. गरम पाण्यानं. आणि माझी पोरं धडधाकट आहेत, धन्यवाद.

वखारभाग, सांगली

मंगळवार पेठ, सकाळी घासायची म्हणजे पाणी भरायच्या त्या पाऊण तासातच घासायची. मोरीत नळ एकच आहे. खाली भांडी पडलेली असतील तर बादली कुठं लावू? हे भांडणाचं नाही, जागेचं आहे.

दहिवडी

नळावरून चाललंय म्हणून लिहितो. माण तालुक्यात आम्ही टँकरची वाट बघत रात्री काढल्यात. टँकर आला की रात्री दोनलाही आई आणि बहिणी घागरी घेऊन पळायच्या. भांडी घासायला पाणी नसायचं तेव्हा राखेनं कोरडी घासून पुसून ठेवायचे. ती ताटं आजही लख्ख आहेत. एवढंच.

मिरजेची सिस्टर

राख ठीक, पण खरकटं रातभर ठेवणं नाही म्हणजे नाही. ज्वारीचं पीठ वाळलं की काथवटीला सिमेंटसारखं बसतं. लोखंडी तवा आणि कढई ओली राहिली तर सकाळी गंज धरते. मी नाइट ड्युटी करून आठला घरी येते आणि समोर अशी मोरी दिसली की रडू येतं. माझी थोरली जाऊ तुमच्याच मताची आहे. "सकाळी बघू" म्हणते, आणि सकाळी बघणारी मी असते.

मंगळवार पेठ, सातारा

मग तक्रार जावेबद्दल आहे, माझ्या मोरीबद्दल नाही.

मिरजेची सिस्टर

तक्रार या विचाराबद्दल आहे. "सकाळी बघू" म्हणणारा आणि सकाळी बघणारा एकच माणूस असेल तर खुशाल भिजत घाला. तुमच्या घरी तसं असेल तर मी शब्द मागं घेते. पण खरं सांगा, सकाळी घासायला मावशी येतात की नाही?

मंगळवार पेठ, सातारा

येतात. साडेसातला. त्यात लपवायचं काय?

वखारभाग, सांगली

अहो मग बारा वर्षं तुम्ही काय करताय म्हणालात?

मंगळवार पेठ, सातारा

भिजत घालते म्हणाले. आणि मावशींची सुट्टी असली की मीच घासते. एका मदतनीस बाईला पगार देऊन झोप विकत घेतली, त्यात पाप काय? नवऱ्यांना बोलायची हिंमत नाही म्हणून इथं एकमेकींच्या मोऱ्या उकरायच्या.

हे घ्या, बोलते मी. केंद्र सरकारचं २०२४ चं वेळवापर सर्वेक्षण: स्वतःच्या घरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं, आणि पुरुषांची ८८. ती ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी. जे ताटही उचलत नाहीत ते त्यात धरलेले नाहीत.

वाळव्याचे अप्पा

सर्वेक्षणवाले आमच्या गावात कुणाला दिसले नाहीत.

तासगावची बाग

सगळ्या बायका मिळून पुरुषांवर घसरलाय म्हणून लिहितो. झोप फक्त बायकांचीच जाते काय? शेतीची लाईट पाळीनं येते. दिवसाची पाळी असली तर आठ तास, रात्रीची असली तर दहा तास. रात्रीच्या पाळीत मी बॅटरी घेऊन द्राक्षाच्या बागेत असतो, ठिबकचे वॉल फिरवत. शेजारी ऊस हाय, बिबट्या शिराळ्या-कराडकडंच राहतो असं आता कुणी म्हणत न्हाई. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यात, म्हंजे कोंब फुटताना, पाऊस लागला की दावण्या रोगाच्या भीतीनं रात्री दोनला फवारणीचा ब्लोअर काढतो. त्या टायमाला सव्वासातला उठणारा नवरा आमच्या गल्लीत एक दाखवा. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतनं दिवसा वीज मिळणार म्हणून ऐकतोय, आमच्या फिडरवर, म्हंजे आमच्या लायनीवर, अजून आली न्हाई.

मिरजेची सिस्टर

दादा, मोटरला ऑटो स्टार्टर बसवा की. बागेत जायचंच कशाला?

तासगावची बाग

सिस्टर, तुम्ही इंजेक्शनचं बोला, मोटरचं आम्ही बोलतो. सगळ्यांनी ऑटो लावला की लाईट आल्या आल्या पंचवीस मोटरी एकदम उचलतात आणि डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, उडतो. मग आठ दिवस अंधार. आणि ऑटो वॉल फिरवत न्हाई.

मिरजेची सिस्टर

बरं, मोटरचं कळलं, मी चुकले. आता माझं ऐका. मी महिन्यात आठ-दहा रात्री वॉर्डात उभी असते, तुमची रात्र मला कळते. मी घरी येऊन पडते, पडदा लावते, साडेबारापर्यंत झोपते. शरीर दिवसा तशी झोप देत नाही, बाहेर भंगारवाला ओरडतो, पण निदान पडता येतं. आणि तरी शेजारी म्हणतात, "बाई दुपारपर्यंत झोपते." तुम्ही बागेतून पहाटे आल्यावर तुम्हाला असं कुणी म्हणतं का? आणि तुम्ही झोपता तेव्हा वहिनी काय करतात?

तासगावची बाग

माझ्या बायकोला मधी आणायचं काम न्हाई.

मिरजेची सिस्टर

मी फक्त विचारलं.

तासगावची बाग

विचारायची पण एक पद्धत असते. आम्ही काय तिला राबवून घेतोय काय? दहाची लाईट आली, निघतो. बाकीचं सकाळी.

वखारभाग, सांगली

अप्पा, तुम्ही फोनचं विचारलंत. हो, रात्री पंधरा मिनिटं बघते. दिवसातली तेवढीच वेळ मला कुणी हाक मारत नाही. ती झोपेतून काढते, कारण दुसरीकडून काढायला जागा नाही.

मलाही एक विचारायचंय, आणि खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्या आई चारला उठायच्या. झोपायच्या कधी?

तासगावची बाग

सकाळी म्हणालो होतो म्हणून लिहितो. सहाला आलो. तिनं च्या दिला, मी पडलो ते अकराला उठलो. तोवर तिनं धार काढली, पोरं शाळंला घातली, बागेतल्या आठ बायकांच्या भाकरी थापल्या. रात्री मी निघालो तवा पण ती जागीच होती, दार लावून घ्यायला. तिला विचारलं, तू कधी झोपलीस? म्हणाली, "झोपले की मधी." मधी म्हणजे कधी ते तिला सांगता आलं न्हाई. सिस्टरच्या बोलण्याची पद्धत मला अजून पटलेली न्हाई. पण सांगायचं ते सांगितलं.

मिरजेची सिस्टर

पद्धत चुकली असेल. लिहिलंत, बरं वाटलं.

वाळव्याचे अप्पा

वखारभागताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. रात्रभर आठवून बघितलं. आम्ही भावंडं झोपायचो तेव्हा आई कंदिलाजवळ काहीतरी निवडत असायची. उठायचो तेव्हा जातं चालू असायचं. तिला अंथरुणावर आडवी झालेली मी पाहिलेली नाही. दुपारी सुपात धान्य पाखडता पाखडता तिची मान भिंतीला कलायची आणि सूप मांडीवरून घसरायचं. आम्ही पोरं "आई पेंगली, आई पेंगली" म्हणून टाळ्या वाजवायचो, ती दचकून उठायची आणि पुन्हा पाखडायला लागायची. कधी आजारी पडली नाही असं मी लिहिलं. तिचं दुखणं सांगायची रीत नव्हती, हे थोरल्या बहिणीनं काल फोनवर सुनावलं.

तरी सकाळी लवकर उठावं यावर मी ठाम आहे. फक्त त्या वाक्यातला 'बाई' शब्द काढून 'घरातलं माणूस' असा करतो. याच्यापुढं मी जाणार नाही.

मंगळवार पेठ, सातारा

अप्पा, एवढं पुरे आहे. पण कढई भिजत घालण्यावर माझं मत तेच आहे.

वखारभाग, सांगली

'घरातलं माणूस' चालेल, अप्पा. दोन्ही दिरांना दाखवते.

घरी काल बोलले. सोमवार, बुधवार, शुक्रवार नळ नवऱ्याकडे. तो म्हणाला, "मला पातेल्याचा आवाजच येत नाही गं, झोप गाढ आहे माझी." सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला, मी उठते की." त्यांना संधिवात आहे, त्यांच्या हातून बादली हलत नाही. मी दोघांनाही नको म्हटलं. आज रात्री मी मुलांच्या खोलीत झोपणार आहे, दार लावून. नळाखाली पातेल्याऐवजी पितळी परात उपडी घातली आहे, तिचा आवाज जास्त घुमतो. उद्या बुधवार.