नाईलने म्हणे सगळं आयतं दिलं!

खडू_फळा
परवा ‘उगाच_एक’ यांनी लिहिलं: नाईलला दरसाल पूर यायचा, काळा गाळ पसरायचा, इजिप्तचा शेतकरी बी भिरकावून आडवा व्हायचा, आणि उरलेल्या वेळात पिरॅमिड. पुरावा काय, तर ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. खालच्या मुलखात ना नांगर ना कुदळ, डुकरं सोडून बी तुडवून घेतात म्हणे. माझी दुपारची झोप गेली. बत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय, हे ‘आयतं’ उत्तरपत्रिकांत इतक्यांदा खोडलंय की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

हिरोडोटस हा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात आलेला पाहुणा. पाहुण्याला ताट दिसतं, चूल दिसत नाही. पूर आला की बांध घालून अडवायचा, शिवाराची प्रचंड खाचरं करायची, महिना-दीड महिना पाणी कोंडायचं, मग खालच्या खाचरात सोडायचं. ते बांध दरसाल फुटणार. दरसाल घालणार कोण?

देर अल-मदिनाला सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यातलं चित्र बघा. पांढरी शुभ्र वस्त्रं नेसून तो नांगर धरून चाललाय, बायको मागून बी टाकतेय. हे चित्र परलोकातलं आहे! ज्यांचा नांगर मेल्यावरही सुटला नाही, त्यांना तुम्ही आडवं झोपवता. थडग्यात उशाब्ती नावाच्या छोट्या मूर्ती ठेवायचे. त्यांच्यावरच्या मंत्राचा मतलब असा की शेत कसायला, काठाला पाणी द्यायला, वाळू पूर्वेकडून पश्चिमेला वाहायला माझ्या नावाचा पुकारा झाला, तर ‘हजर’ तू म्हण. तुतनखामनच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती निघाल्या. राजालाही मेल्यावर वेठीची धास्ती, आणि म्हणे आयतं.

उगाच_एक
मास्तर, झोप मोडल्याबद्दल क्षमस्व. पण लाल पेन जरा शेजारच्या वहीतही चालवा. इराकातल्या टायग्रिस-युफ्रेटिसचा पूर यायचा एप्रिल-मेमध्ये, पीक काढणीला आलं की. म्हणजे उभ्या पिकात पाणी. शिवाय शतकानुशतकं पाणी देऊन जमिनीत मीठ चढलं, ते वेगळंच. नाईलचा पूर उन्हाळ्यात चढतो, सप्टेंबरात भरतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरतो. म्हणजे ऐन पेरणीला जमीन भिजलेली, खत घातलेली, मीठ धुऊन गेलेलं. अजून काय, नदीनं येऊन भाकरी भरवायची होती का?

आणि वारा विसरलात. नदी वाहते उत्तरेला, वारा वाहतो दक्षिणेकडे. जाताना शीड उभारा, येताना उतरवा आणि प्रवाहात सोडून द्या. त्यांच्या चित्रलिपीत ‘दक्षिणेला जाणे’ या शब्दाला शीड उभारलेली होडी आहे आणि ‘उत्तरेला जाणे’ला शीड नसलेली. दोन्ही बाजूंना वाळवंट, दक्षिणेला अस्वानचे खडक. एवढा बंदोबस्त आयता मिळाला, तर तुमच्या-माझ्या आजोबांनीही एखादा पिरॅमिड उठवला असता.

रानजाई
माझे आजोबा नसते उठवू शकले. त्यांना साधी विहीर पूर्ण करता आली नाही. असो.

मी लक्झरच्या पश्चिम काठावर गेले होते. कॅनॉलपासचं गव्हाचं रान संपतं आणि वाळवंट लागतं, तिथे मध्ये कुंपण नाही, चढ नाही, काही नाही. एक चप्पल चिखलात आणि दुसरी फुफाट्यात, असा मी फोटो काढून घेतला. जुने इजिप्तवाले काळ्या जमिनीला केमेत म्हणायचे आणि तांबड्या वाळवंटाला देश्रेत. वाचताना मला हे काव्य वाटलं होतं. तिथे कळलं, तो सातबारा आहे.

अस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, भिंतीवर हातांच्या मापाच्या खुणा. पाणी किती हात चढलं त्यावरून पिकाचा आणि साऱ्याचा अंदाज. प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय: १२ हात म्हणजे दुष्काळ, १३ ला उपासमार, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती, १६ ला चैन. चार हातांत चैनीचा दुष्काळ होतो. याला आयतं म्हणायचं की जुगार?

ढगफुटी
सगळे नाईल नाईल करताय, पावसाचं नाव कुणी घेईना. हा पूर इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाळ्याचा. गाळ जवळपास सगळा तिथून येणाऱ्या निळी नाईल आणि अटबारा या उपनद्यांचा. पांढरी नाईल बारमाही, पण पूर तिचा नाही. ज्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो बसतो, त्या वर्षी बऱ्याचदा तिकडेही बोंब आणि इकडेही. १८७७ ला नाईलचा पूर फार खाली राहिला, आणि त्याच वेळी आपल्या दख्खनेत १८७६-७८ चा दुष्काळ चालू होता. सोलापूर-नगरच्या लोकांनी आयत्या-बियत्याच्या गप्पा तरी मारू नयेत.

उगाच_एक
मी नगरचाच आहे. म्हणून तर हेवा वाटतो.

खडू_फळा
आणि पूर कमी पडला की काय होतं, तेही ऐका. पिरॅमिडवाल्यांचं राज्य कोसळल्यानंतर अंखतिफी नावाच्या दक्षिणेतल्या सुभेदारानं मोआल्ला इथल्या आपल्या थडग्यात कोरून ठेवलंय की सगळा वरचा, म्हणजे दक्षिणेकडचा, इजिप्त भुकेनं मरत होता, लोक पोटची पोरं खात होते. बढाईखोर होता, स्वतःच्या गावाला जगवल्याचा तोरा आहे. पण असली बढाई मारावीशी वाटली, यातच काय ते आलं.

सडेतोड
म्हणूनच अस्वानचं मोठं धरण पुरं केलं ना १९७० साली. १९८० च्या दशकात इथिओपियात माणसं दुष्काळानं मेली, इजिप्त त्या धरणामागच्या सरोवराच्या पाण्यावर तगला. नदीच्या लहरीवर जगणारे पुढारले की धरण बांधतात. विषय संपला.

गाळातला
विषय तुमचा संपला असेल, आमचा तिथनं सुरू होतो. त्या अस्वानच्या पाण्याखाली न्युबियाची गावं गेली, इजिप्त-सुदान मिळून लाखभर माणसं उठली. गाळ धरणातच बसला, खाली युरियाची पोती. समुद्रकाठ खचायला लागला. आमच्या आज्ज्याचंही घर असंच एका बुडितात आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की जोतं दिसतं.

आम्ही गाळपेर करतो. पाणी जसं मागं सरकतं तसं मागोमाग पेरत जायचं. नांगर नाही चालत, माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. चिखलात हरभरा फोकायचा आणि वर पाण्याचा थेंब नाही. तुमच्या इजिप्तचा शेतकरी हेच करायचा, म्हणून हा धागा वाचतोय. पण कष्ट पेरण्यात नाहीत, बांधात आहेत. दरसाल खुणा गाळाखाली जातात आणि दरसाल भावकी. तुकडा मिळावा म्हणून एका कार्यालयात मी सहा वर्षं खेटे घातले. तिथल्या साहेबानं नकाशा उलटा धरून मला माझी जमीन दाखवली.

सडेतोड
प्रत्येक धाग्यावर तुमचं धरण! विस्थापितांची बाजू मला कळते, पण विजेच्या उजेडात बसून धरणाला शिव्या हा ढोंगीपणा आहे.

गाळातला
उजेड तुमच्याकडं हो. आमच्याकडं बिल येतं.

रानजाई
सडेतोड, ढोंगी वगैरे शब्द आवरा. आणि बांधाचं ते म्हणतायत तेच इजिप्तचं मर्म आहे. मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात उभ्या पिकात गाठी मारलेली दोरी ताणून मोजणी चाललेली दिसते. मेल्यावर देवांपुढे शपथ घ्यायची, त्यात खून-चोरीच्या जोडीला काय आहे माहितेय? मी दुसऱ्याच्या शेतात अतिक्रमण केलं नाही. मी वाहतं पाणी अडवलं नाही. बांध कोरल्याचा हिशोब थेट परलोकात!

सडेतोड
मग आमच्या धरणवाल्यांचं तिथे अवघड आहे. ठीक, ‘ढोंगी’ मागे. बाकी शब्द तसेच.

उगाच_एक
हा धागा नाईलवर होता ना? धरणावर गेला, कचेरीत गेला, आता स्वर्गात पोचलाय. मास्तर, ‘आयतं’ मागे घेतो. ‘वेळेवर’ लिहितो. पण वाळवंट, वारा आणि पुराचं वेळापत्रक वगळून तुमच्या नुसत्या घामावर इजिप्त उभं राहत नाही. आणि डुकरं सोडणार नाही, हिरोडोटसनं लिहिलीयत.

खडू_फळा
‘वेळेवर’ला अर्धा गुण. उरलेला अर्धा सहामाहीला.

गाळातला
डुकरांचं राहिलंच. आमच्या गाळात सोडावी लागत नाहीत, रानातली रात्री आपणहून येतात. बी तुडवताना अजून एकही बघितलं नाही. खाऊन जातात.