पोह्यांची गाडी घरीच बनवतोय, पण डोलते. सिलेंडर कुठे ठेवू?

राजेंद्रनगरकर:
नमस्कार मंडळी. मी आणि आई मिळून सकाळची पोहे आणि साबुदाणा खिचडीची गाडी सुरू करतोय, इथेच इंदूरला. तयार गाडीचे भाव ऐकले आणि म्हटलं आपणच बनवू, वेल्डिंग मला बऱ्यापैकी येतं. ५ बाय अडीच फुटांचा सांगाडा २५ एमएमच्या चौकोनी पाइपात झालाय, खाली चार सायकलची चाकं. काल शेगडी, कढई, भरलेलं सिलेंडर, पाण्याचे २० लिटरचे २ कॅन सगळं चढवून गल्लीत ढकलून बघितली तर स्पीडब्रेकरवर अशी डोलली की आईने दोन्ही हातांनी कढईच धरली. सिलेंडर मागच्या टोकाला बाहेर लटकवलंय. आणि वरचा स्टीलचा पत्रा कोणता घेऊ, सियागंज बाजारात एकाने २०२ ग्रेडचा दाखवला एकाने ३०४, दिसायला दोन्ही सारखेच.

रामबागची ताई:
अरे सिलेंडर टोकाला लटकवू नकोस! १९ किलोचं कमर्शियल म्हणजे टाकीसकट ३५ किलोच्या आसपास जातं, ते चाकांच्या बाहेर गेलं की पुढची चाकं हलकी होणारच. चाकांच्या मध्ये, जितकं खाली बसेल तितकं खाली, उभंच ठेव आणि पट्ट्याने बांध. माझ्या गाडीत एका बाजूला सिलेंडर, समोरच्या बाजूला पाणी, ते ४० किलो म्हणजे जवळपास बरोबरी. पण सकाळभर पाणी संपत जातं ना, म्हणून धुतल्याचं पाणी बाहेर न सांडता त्याच बाजूच्या रिकाम्या कॅनमध्ये पाइपने उतरवते, त्यामुळे तोल पण राहतो आणि रस्ता पण कोरडा. ओला-सुका डबे वेगवेगळे आत्ताच बसव, नंतर जागा उरत नाही.

आणि पोहे वाफेवर ठेवायचे असतील (इंदुरात दुसरं कोण खाईल) तर भगोना (उकळत्या पाण्याचं पातेलं, ज्यावर पोह्यांची परात बसते) पत्र्याच्या वर ठेवू नकोस, पत्र्याला गोल कापून ४ इंच खाली बसव. वजन खाली येतं, वाऱ्याने ज्योत विझत नाही, आणि आईंना परातीत डोकवायला टाच उचलावी लागत नाही. कापलेली कड आत मुडप, मी पहिल्यांदा तशीच सोडली होती, आठवडाभर मनगटावर ओरखडे.

लोखंडवाले काका:
बाळा, ताईंचं बरोबर आहे, त्यात भर घालतो. सिलेंडरच्या कप्प्याचा तळ बंद करू नकोस, जाळी लाव. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, पेटीत कोंडला तर ठिणगी पुरे. शेगडी आणि सिलेंडरमध्ये पत्र्याचा आडोसा हवा, नळी आयएसआय मार्कचीच.

पत्रा ३०४ घे, निदान जिथे लिंबू-मीठ लागतं तिथे. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, मिठाच्या पाण्याने लवकर डागतो. लोहचुंबकाने फरक कळत नाही, दोन्हींना नीट चिकटत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घे. जस्ताचा पत्रा स्वस्त पडतो म्हणून खाण्याच्या जागी लावू नकोस, आंबटाने जस्त सुटतं, आणि त्यावर वेल्डिंग करताना जो पांढरा धूर येतो तो छातीत जातो.

राजेंद्रनगरकर:
ताई, काका, मनापासून आभार! आज सिलेंडर मध्ये घेतलं, तोच स्पीडब्रेकर, तेवढंच वजन, आईने एका हाताने ढकलली. ओट्याची उंची पण बदलली, मी माझ्या हिशोबाने ३६ इंच धरली होती, आईला भिंतीशी उभं करून कोपराला खडूची खूण केली आणि त्याच्या ४ इंच खाली घेतलं तर ३२ आलं. आता ओट्याचे पाय कापून कमी करतोय. फूड रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरलाय, महापालिकेच्या विक्री प्रमाणपत्राचं सोमवारी विचारून येतो. ताई, गोल कापायला ग्राइंडर चालेल की जिगसॉ आणू?

रामबागची ताई:
जिगसॉ आण, ग्राइंडरने गोल नीट येत नाही. आणि आधी भगोना विकत घे, मग त्याच्या मापाने काप.