आधार दिलाय, मग वाक्य उचललं तर काय बिघडलं? (लोणारच्या लेखावरून)

मेहकरची बाई
मंडळी, आम्ही काही जणांनी मिळून मराठी विकिपीडियावरचा लोणार सरोवराचा लेख दुरुस्त करायला घेतलाय. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. बाकीची पोरं माझ्या नातवंडांच्या वयाची. त्यातला एक जण भलताच उत्साही आहे. रात्री जेवून बसतो आणि सकाळी बघावं तर चार परिच्छेद तयार.

त्यातला एक वाचताना मी थबकले. विवराच्या काठावरून खाली उतरायला लागलं की काय काय दिसतं, याचं वर्णन. आधी दाट झाडी, मग मंदिराचे पडके खांब, मग पाणी दिसायच्या आधीच येणारा त्याचा वास, शेवटी पायाखालचा काळा बेसाल्ट. हा क्रम माझ्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकाचा आहे. पुस्तक काढून शेजारी धरलं. ‘दर्प’चा ‘वास’ झालाय, ‘भग्न’चं ‘पडके’ झालंय, एका लांबलचक वाक्याची दोन झाली आहेत. बाकी सांगाडा तोच. पाण्याआधी वास येतो, तोसुद्धा तिथलाच. आणि परिच्छेदाच्या शेवटी पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, सगळं व्यवस्थित!

त्याला फोन केला तर म्हणतो, “मॅडम, आधार दिलाय की! लपवलंय कुठे?” गटातले दोघे त्याच्याच बाजूने. मला हे पटत नाही, पण नेमकं का, ते त्याच्या गळी उतरवताही येईना. वर्गात मी सरळ “गाईड मिटव” म्हणायचे. इथे तेवढ्याने भागत नाही.

अजून दोन गोष्टी आहेत. विवराचं वय लेखात ५२ हजार वर्षं दिलंय, आधार एका वर्तमानपत्राचा. ती बातमी उघडली तर तिच्यातली वाक्यं आपल्याच लेखाच्या जुन्या आवृत्तीसारखी. म्हणजे आपण त्यांच्याकडे बोट दाखवतोय आणि ते आपल्याकडे बघून लिहितायत.

दुसरं म्हणजे, इथे एक गृहस्थ वर्षानुवर्षं सरोवरावर पक्षी बघतात, वही ठेवतात. त्यांनी ती वही मोकळ्या मनाने पोरांच्या हातात दिली. तिच्यातली निरीक्षणं लेखात आली, त्यांचं नाव मात्र कुठेच नाही. कारण काय, तर “छापील आधार नाही, नाव कसं देणार?” हे मला सगळ्यात जास्त लागलं.

जुना संपादक
बाई, नमस्कार. तुमचा पोरगा दोन गोष्टींची गल्लत करतोय. माहिती कुठून आली ते सांगणं म्हणजे आधार देणं. वाक्य कोणाचं, हा प्रश्न वेगळा. विवर बेसाल्टमधलं आहे ही माहिती कोणाच्या मालकीची नाही, ती कोणीही लिहावी. पण झाडी, खांब, वास, दगड अशी ती उतरण रचली त्या लेखकाने. तिच्यावर हक्क त्याचा, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखक गेल्यावरही ६० वर्षं टिकतो. एखादं वाक्य अवतरणचिन्हांत, नावासकट घेतलं तर कोणी हरकत घेणार नाही. अख्खा परिच्छेद वरवर रंगरंगोटी करून घेतला, तर तळटीप त्याला वाचवत नाही. उलट तळटीप बघून वाचणारा समजतो की माहिती तिथली, शब्द यांचे. तिथेच तो फसतो.

विकिपीडियावर आणखी एक मेख आहे. आपण पान जतन करतो तेव्हा आपला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सगळ्या जगाला देऊन टाकतो. कोणीही घ्या, बदला, विकलात तरी चालेल, फक्त श्रेय द्या आणि पुढे त्याच परवान्याने द्या. जे आपलं नाहीच ते असं वाटून टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पोरांना मी हेच विचारतो, लगेच गप्प होतात.

इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करत असाल तर खुशाल करा. फक्त संपादन सारांशात, म्हणजे पान जतन करताना काय बदललं ते लिहायच्या चौकटीत, मूळ पानाचा दुवा टाका. त्या पानाचा इतिहास हीच तिथल्या लेखकांची नामावली असते. विकिपीडियाचं स्वतःचं भाषांतराचं साधन वापरलं तर ही नोंद आपोआप होते. हाताने चिकटवणारे हमखास विसरतात.

रिकामटेकडा
एवढा काथ्याकूट कशाला? मराठीत विज्ञानावर लिहायला माणूस मिळत नाही, आणि जो लिहितोय त्यालाही पळवून लावा. ते पुस्तक बाजारात तरी मिळतं का आता?

मेहकरची बाई
मिळत नाही, म्हणूनच तर! उद्या कोणाच्या हाती ते लागलं तर तो म्हणेल, या लेखकाने विकिपीडियावरून ढापलं. आणि पोरगा पळत नाही हो, रविवारी माझ्याकडे पोहे खायला येतो.

गारगोटी
वयाबद्दल बोलतो, भूशास्त्र शिकलोय म्हणून. ५२ हजार हा आकडा हवेतून आलेला नाही. तो थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे नमुना तापवल्यावर त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेला आहे, अधिक-उणे ६ हजार. पण २०११ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात जूर्दां आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. उल्का आदळली तेव्हा वितळून पुन्हा गोठलेला खडक त्यांनी घेतला आणि त्यातल्या आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, वय काढलं. ते आलं ५ लाख ७० हजार वर्षं, अधिक-उणे ४७ हजार. दहापटीहून जास्त फरक! माझा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे, पण लेखात माझा कल नको. दोन्ही आकडे द्या, आणि कोणत्या पद्धतीने, कशावर मोजलं ते वाक्यातच येऊ द्या.

एक विनंती. हा निबंध इंग्रजी लेखाच्या तळटिपेतून उचलून तसाच आपल्या लेखात डकवू नका. निदान त्याचा सारांश वाचा. न वाचलेल्याचा आधार देणं मला वाक्य उचलण्याइतकंच वाईट वाटतं, फक्त ते पकडलं जात नाही.

बातमी आणि लेखाचं जे चक्र तुम्ही म्हणता, त्याचा गाजलेला नमुना इंग्रजी विकिपीडियावरचा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला गंमत म्हणून ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं नाव चिकटवलं. पुढे ते वर्तमानपत्रांत आलं, पुस्तकांत आलं, आणि त्यातलाच छापील मजकूर लेखात आधार म्हणून येऊन बसला. २०१४ पर्यंत हे चाललं. तुमच्या लेखाच्या इतिहासात जाऊन ५२ हजार पहिल्यांदा कधी लिहिलं ते बघा. ती तारीख बातमीच्या आधीची असेल तर बातमी बाद करा.

तसंच पाणी गुलाबी झाल्याचा परिच्छेदही तपासा. जून २०२० मध्ये सुरुवातीला शेवाळाचा अंदाज छापून आला होता. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हॅलोआर्किया या मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. लेखात अंदाजालाच निष्कर्ष म्हणून बसवलेलं असतं बऱ्याचदा.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितेय. दर वेळी उचलणं म्हणजे चोरीच, असं मात्र पोरांना सांगू नका. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले. तिथला मजकूर श्रेय देऊन उघडपणे घेता येतो. देणाऱ्याने दिलंय का, ते आधी बघायचं.

वहीबद्दल. अप्रकाशित निरीक्षणं विकिपीडियावर चालतच नाहीत, तेव्हा ती आधी लेखातून काढा. नुसतं नाव घालून ते दुरुस्त होणार नाही. मग त्या काकांना विचारा, एखादं टिपण लिहिता का म्हणून. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, तिथे पाठवून बघता येईल. छापून आलं की त्यांच्या नावाने आधार द्या. आणि त्यांची इच्छा नसेल तर वही परत करा, विषय संपला. घरट्यांच्या नेमक्या जागा वहीत असतील तर त्या छापायच्या नाहीत आणि कुठे ऑनलाइनही टाकायच्या नाहीत. फोटोवाल्यांची झुंबड उडते.

मेहकरची बाई
सगळ्यांचे आभार. पोराला समोर बसवलं, पुस्तक मिटवून माझ्याकडे ठेवलं आणि म्हटलं, लोणारला तू स्वतः उतरलायस ना, त्यातलं पुस्तकातही आहे तेवढंच लिही. कुरकुरला, पण तीन ओळी लिहिल्या. वासाचं वाक्य आलंच नाही, कारण त्याला वास आलाच नव्हता म्हणे! काकांना फोन केला. टिपणाचं बघू म्हणाले, पण नाव घालायचं तर वडिलांचंही घाला, सुरुवातीची पानं त्यांची आहेत.

एकच शंका राहिली. जुना परिच्छेद काढला, पण इतिहासात तो अजून दिसतोय.

जुना संपादक
दिसणारच. चर्चा पानावर पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक देऊन प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांना कळवा, ते त्या आवृत्त्या लपवू शकतात. मुलाचं सदस्यनाव इतिहासात राहील, मजकूर तेवढा दिसणार नाही. आणि काकांच्या वडिलांचं नाव टिपणातच येऊ द्या, म्हणजे लेखात आधार देताना आपोआप दोघांचं येईल.